नवी गाडी घेताना मॅन्युअल की ऑटोमॅटिक? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात गेली अठरा वर्षं गाडी शिकवते. पूर्वी शिकून झालं की लोक विचारायचे, "मॅडम, पेट्रोल घेऊ की डिझेल?" आता पहिला प्रश्न गिअरचा असतो. क्लासच्या शेवटच्या दिवशी, रात्री साडेनऊला फोनवर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. तीच तीच उत्तरं देऊन झाल्यावर वाटलं, एकदा नीट बसून लिहून काढावीत.

माझं मत आधीच सांगून टाकते. गाडी रोज कुठल्या रस्त्यावर धावणार आणि घरातले कोण कोण ती चालवणार, यावर गिअर ठरवा. शोरूममध्ये कोणती गाडी लगेच मिळतेय यावर ठरवू नका. आणि नुसतं "ऑटोमॅटिक आहे" एवढ्यावर बुकिंगचे पैसे भरू नका, कारण ऑटोमॅटिक या एका शब्दाखाली चार वेगवेगळी यंत्रं विकली जातात.

फार खोलात न जाता सांगा, कोणती घेऊ?

रोजचा तासाहून जास्त वेळ शहराच्या गर्दीत जात असेल, तर ऑटोमॅटिक. हिंजवडी, खराडी, ठाण्याचा घोडबंदर रस्ता, नाशिक फाटा, असं काही तुमच्या रोजच्या वाटेवर असेल तर दुसरा विचारही करू नका. गाडी मुख्यतः गावाकडे, तालुक्याच्या रस्त्यांवर, शेतावर जाणार असेल आणि बजेट आखडतं असेल, तर मॅन्युअल. मधल्यांसाठी पुढची सगळी उत्तरं आहेत.

ऑटोमॅटिकमध्ये एवढे प्रकार कसले? सेल्समन तर नुसतं "ऑटो" म्हणतो.

हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून इथे जरा वेळ घेते.

पहिला प्रकार एएमटी. हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. तीच क्लच प्लेट, तेच गिअर. फरक एवढाच की क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तुमच्या पाया-हाताऐवजी एक यंत्र करतं. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओतून हा प्रकार आला आणि लहान गाड्यांत ऑटोमॅटिक परवडायला लागलं ते तेव्हापासून. मारुती त्याला एजीएस म्हणते, महिंद्रा ऑटोशिफ्ट म्हणते, रेनॉ ईझी-आर म्हणते. नावं काहीही असोत, आत एएमटीच आहे. चालवताना गिअर बदलला की गाडी क्षणभर श्वास रोखल्यासारखी थांबते आणि मग पुढे जाते. शेजारी बसलेल्याची मान जराशी पुढे-मागे होते. सवय झाली की चालवणाऱ्याला ते जाणवेनासं होतं, मागे बसलेल्यांना मात्र जाणवत राहतं.

दुसरा टॉर्क कन्व्हर्टर. इथे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये नेहमीची क्लच प्लेट नसते, तेल असतं. इंजिनाकडचा पंखा तेल फिरवतो, ते तेल दुसरा पंखा फिरवतं, आणि ताकद चाकांपर्यंत जाते. म्हणून सुरुवात अगदी मऊ होते आणि गर्दीत सरकत-थांबत जायला हा सगळ्यात सोशिक प्रकार आहे. मारुतीच्या ब्रेझा-एर्टिगात, महिंद्राच्या थार आणि स्कॉर्पिओ-एनमध्ये, डिझेल क्रेटात हा मिळतो.

तिसरा सीव्हीटी. यात गिअर नसतातच. दोन पुली आणि त्यांच्यावर एक पोलादी पट्टा. पुली रुंद-अरुंद होत जातात आणि वेग बदलत जातो. होंडा सिटी, अमेझ यांच्यात हा आहे. ह्युंदाईचा आयव्हीटी याच कुळातला. धक्का शून्य. पण एकदम जोरात रेस दिली तर इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मागून वेग घेते. शांत चालवणाऱ्याला याच्याइतकं सुख कशात नाही. ज्याचा पाय जड आहे, त्याला मात्र हा आवडत नाही.

चौथा ड्युअल क्लच. फोक्सवॅगनचा डीएसजी, ह्युंदाई-कियाचा डीसीटी, टाटाचा डीसीए. दोन क्लच असतात, एकावर एक-तीन-पाच हे गिअर, दुसऱ्यावर दोन-चार-सहा. तुम्ही दुसऱ्यात असता तेव्हा तिसरा आधीच लागून तयार असतो, म्हणून बदल पापणी लवायच्या आत होतो. हायवेवर याची मजा काही औरच. पण ज्यात क्लच कोरडा असतो, म्हणजे तेलात बुडालेला नसतो, तो गर्दीत तासभर इंच-इंच सरकवला तर तापतो. त्यामुळे डीसीटी आवडली असेल तर क्लच कोरडा की तेलातला, हे विचारून घ्या. सेल्समनला माहीत नसेल तर त्याला आत जाऊन विचारून यायला सांगा. आपण लाखो रुपये देतोय.

किमतीत किती फरक पडतो?

एएमटीला त्याच मॉडेलच्या मॅन्युअलपेक्षा साधारण पन्नास-साठ हजार जास्त लागतात. बाकीच्या तिन्ही प्रकारांना लाख-सव्वा लाख, कधी त्याहून थोडे जास्त. पण हा फरक एक्स-शोरूम किमतीतला. ऑन रोड तो वाढतो, कारण आपल्या राज्यात रोड टॅक्स किमतीच्या टक्केवारीत असतो. पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२ टक्के.

आता हे पाहा. मॅन्युअल गाडी ९ लाख ६० हजारांची आहे. टॅक्स झाला १ लाख ५ हजार ६००. तीच गाडी ऑटोमॅटिकमध्ये १० लाख २० हजारांची. टॅक्स १ लाख २२ हजार ४००. किमतीतला फरक साठ हजार दिसत होता, पण जवळजवळ सतरा हजार टॅक्सचेच वाढले. वर दहा लाखांच्या पुढे गेलं की एक टक्का टीसीएस, म्हणजे शोरूमने आपल्याकडून आगाऊ गोळा केलेला इन्कम टॅक्स, भरावा लागतो. तो इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये वळता होतो, पण भरायला आज लागतो. विम्याचा हप्ताही थोडा वाढतो. म्हणून दोन्ही गाड्यांचं ऑन रोड कोटेशन कागदावर मागा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा.

आणखी एक. बऱ्याच कंपन्या बेस मॉडेलमध्ये ऑटोमॅटिक देतच नाहीत. ऑटोमॅटिकसाठी तुम्हाला मधल्या किंवा वरच्या मॉडेलवर जावं लागतं आणि नको असलेल्या सनरूफचे पैसेही भरावे लागतात. माझा सल्ला विचाराल तर बजेट ताणून टॉप मॉडेल मॅन्युअल घेण्यापेक्षा मधलं मॉडेल ऑटोमॅटिक घ्या. सनरूफ महिन्यातून दोनदा उघडाल. क्लच रोज दाबणार आहात.

ऑटोमॅटिक अ‍ॅव्हरेज कमी देते ना?

ही समजूत जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिक गाड्यांमुळे पडली, आणि तेव्हा ती खरीही होती. आता तसं सरसकट म्हणता येत नाही. २०२४ मध्ये आलेल्या स्विफ्टचा कागदावरचा आकडा मॅन्युअलला लिटरमागे २४.८० किलोमीटर आणि एएमटीला २५.७५ आहे. उलटा फरक!

पण या आकड्याचा अर्थही समजून घ्या. एआरएआय, म्हणजे आपल्या कोथरूडला वेताळ टेकडीवर जी संस्था आहे ती, ही चाचणी घेते. गाडी रस्त्यावर धावत नाही, रोलरवर उभी करून ठरलेल्या वेगाच्या तक्त्याप्रमाणे चालवली जाते. वेग नव्वदच्या पुढे जात नाही. मॅन्युअलला गिअर कधी बदलायचा हेही ठरवून दिलेलं असतं. एएमटीचं यंत्र स्वतःच्या हिशोबाने लवकर वरचा गिअर टाकतं, म्हणून तिथे तिचा आकडा सुंदर येतो. तुमच्या गाडीत एसी सुरू असणार, मागे तीन माणसं बसणार, पुढे सिग्नल असणार. माझ्या पाहण्यात एएमटी आणि मॅन्युअलच्या रोजच्या अ‍ॅव्हरेजमध्ये सांगण्यासारखा फरक नसतो. टॉर्क कन्व्हर्टर आणि ड्युअल क्लच शहरात लिटरमागे एक-दोन किलोमीटर कमी देतात, एवढं धरून चाला. गिअर वेळेवर न बदलता दुसऱ्यातच गाडी घुमवत नेणारा माणूस मॅन्युअलमध्ये त्याहून जास्त पेट्रोल जाळतो.

घाटात ऑटोमॅटिक चढते का?

चढते. प्रत्येक प्रकारची चढते. ताकद इंजिनाची असते. प्रश्न चढण्याचा नाही, चढावर थांबून पुन्हा निघण्याचा आहे.

हे मी स्वतः अंगावर घेतलंय. घरची पहिली एएमटी घेतली त्याच महिन्यात आम्ही साताऱ्याला निघालो. रविवार, खंबाटकीचा चढ, पुढे ट्रकांची रांग. रांग दहा फूट सरकायची, थांबायची. मला मॅन्युअलची सवय, अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवायची. इथे क्लच नाही म्हणून मी ब्रेकवरून पाय काढून हलकीशी रेस देत गाडी जागच्या जागी तोलून धरत होते. पाच-सात मिनिटं झाली असतील. आधी वास आला, जळक्या रबराचा आणि गरम पत्र्याचा मिळून असतो तसा. मला वाटलं ट्रकचा. मग मीटरवर दिवा लागला आणि रेस दिली तरी गाडी ओढेना. बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, अर्धा तास थांबलो, तेव्हा पुढे निघालो. अठरा हजार किलोमीटरवर क्लच प्लेट बदलावी लागली. शिकवण्याचा एवढा अनुभव असून माझ्या हातून हे झालं, आणि गाडी ताब्यात देताना शोरूमने या बाबतीत एक वाक्य सांगितलं नव्हतं. पेढे दिले, फोटो काढला, चावी दिली. आजही तसंच चालतं, म्हणून मी विद्यार्थ्यांना हे पहिल्याच दिवशी सांगते.

एएमटीत आतमध्ये साधी क्लच प्लेटच आहे. चढावर रेसवर गाडी तोलून धरली की ती प्लेट घासत राहते. कोरड्या ड्युअल क्लचचंही तेच. म्हणून नियम असा: थांबायचं तर पूर्ण ब्रेक दाबून थांबा, आणि निघायचं तर पुढे निदान एका गाडीची जागा मोकळी झाल्यावर निर्धाराने निघा. हँडब्रेक ओढून, रेस दिल्यावर गाडी पुढे ओढायला लागली की हँडब्रेक सोडायचा, ही जुनी पद्धत एएमटीतही तितकीच चालते. गाडीला हिल होल्ड असेल तर ब्रेक सोडल्यावर दोन-तीन सेकंद गाडी मागे येत नाही. तेवढ्यात रेस द्या. घाटाकडे वारंवार जाणं असेल तर हिल होल्ड नसलेली एएमटी घेऊच नका.

टॉर्क कन्व्हर्टरला या रांगेचा त्रास सगळ्यात कमी. कोकणातलं गाव असेल, दर महिन्याला वरंधा, ताम्हिणी किंवा कुंभार्ली चढायचा असेल आणि बजेट असेल, तर हाच प्रकार बघा.

आणि घाट उतरताना? मॅन्युअलमध्ये तर आपण सेकंड टाकून सोडून देतो.

ऑटोमॅटिकमध्येही तेच करायचं आहे, फक्त करायचं असतं हे कुणी सांगत नाही. दांडी डीमध्ये (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जायची नेहमीची जागा) ठेवून उतरलात तर गाडी आपणहून वरचा गिअर टाकू शकते, मग इंजिन धरून ठेवत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना किंवा महाबळेश्वरहून आंबेनळीने पोलादपूरला जाताना ब्रेक तापून वास येतो, तो यामुळेच. एएमटीत दांडी एमकडे (मॅन्युअल मोड) घ्या आणि दुसरा किंवा तिसरा गिअर स्वतः टाका. सीव्हीटीत एल (लो) किंवा एस (स्पोर्ट) असतं, ते वापरा. काही गाड्यांत स्टीअरिंगच्या मागे पॅडल असतात, डावं पॅडल ओढलं की गिअर उतरतो. उतारावर गाडी न्यूट्रलला घालून पेट्रोल वाचवायचा प्रकार तर कोणत्याच गाडीत करू नका. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा आधार सुटतो आणि हातात उरतात फक्त तापलेले ब्रेक.

ओव्हरटेक करताना ऑटोमॅटिक दगा देते असं ऐकलंय.

एएमटीपुरतं यात तथ्य आहे. दोन पदरी रस्त्यावर तुम्ही एसटीच्या मागे साठच्या वेगाने आहात, समोर रस्ता मोकळा दिसला, तुम्ही रेस पूर्ण दाबली. यंत्राला आता गिअर उतरवायचा आहे. त्यासाठी ते क्लच सोडतं, गिअर बदलतं, पुन्हा क्लच धरतं. तेवढा एक सेकंद गाडी काहीच करत नाही, आणि तो सेकंद समोरून येणाऱ्या वाहनासमोर फार मोठा वाटतो. उपाय सोपा आहे. बाहेर निघायच्या आधीच, एसटीच्या मागे असतानाच, एम मोडला घेऊन गिअर उतरवून ठेवा. मग रेस दिली की गाडी लगेच उचलते. बाकीच्या प्रकारांत हा विलंब जाणवण्याइतका राहत नाही.

फक्त हायवेवर जाणं-येणं आहे. मग ऑटोमॅटिकचा फायदा काय?

फारसा नाही. समृद्धी महामार्ग नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर आहे. टोलनाक्यावरून बाहेर पडलात की टॉप गिअर, आणि पुढचे तीन तास क्लचला हातच काय, पायही लावावा लागत नाही. अशा माणसाने ऑटोमॅटिकचे पैसे वाचवून क्रूझ कंट्रोल आणि सहा एअरबॅगचं मॉडेल घ्यावं.

माझा डावा गुडघा दुखतो. ऑटोमॅटिकने फरक पडेल?

दुखणं बरं होईल असं मी म्हणणार नाही, ते डॉक्टरांनी सांगायचं. पण डावा पाय गाडीत पूर्ण मोकळा राहतो, हे नक्की. एकदा वारज्याहून हिंजवडीला जाताना शेजारच्या विद्यार्थिनीला मी किती वेळा क्लच दाबते ते मोजायला सांगितलं. दोनशेच्या पुढे गेल्यावर तिने मोजणं सोडून दिलं, आणि आम्ही अजून वाकडपर्यंतही पोचलो नव्हतो. एका जाण्याचं हे. संध्याकाळी परत यायचं असतंच.

आई-वडील साठीच्या पुढे असतील आणि ते गाडी चालवणार असतील, तर त्यांच्या हातात मॅन्युअल देऊन "तुम्हाला सवय आहे ना" म्हणू नका. फक्त पुढच्या प्रश्नातला सराव त्यांच्याकडून जरूर करून घ्या.

ऑटोमॅटिकमध्ये चुकून ब्रेकऐवजी रेस दाबली जाते, ते कसं टाळायचं?

ही भीती खरी आहे आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. मॅन्युअलमध्ये घाबरलं की माणूस क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबतो आणि गाडी थांबते. ऑटोमॅटिकमध्ये क्लच नाही. घाबरलेला पाय रेसवर पडला तर गाडी उसळी घेते. बहुतेक वेळा हे पार्किंगमध्ये होतं, कारण तिथे वेग कमी म्हणून लक्षही सैल असतं.

पहिली गोष्ट, डावा पाय बाजूच्या फूटरेस्टवर ठेवून विसरून जा. तो ब्रेकवर कधीच जाणार नाही. मॅन्युअलवाल्यांचा डावा पाय पहिले दोन दिवस सवयीने क्लच शोधतो, ब्रेकवर आदळतो आणि गाडी कचकन थांबते. दुसरी गोष्ट, उजव्या पायाची टाच ब्रेकच्या समोर टेकवा आणि तिथूनच पंजा वळवून रेसवर न्या. टाच उचलून पाय इकडून तिकडे न्यायचा नाही. तिसरी, पार्किंगमध्ये रेस द्यायचीच नाही. सपाट जागेत डी किंवा आर (रिव्हर्स) टाकून ब्रेक हळूहळू सोडला की गाडी आपणहून रांगते. तेवढ्यावर ती लावता येते. एखाद्या मोकळ्या मैदानात रविवारी सकाळी तासभर एवढंच करा.

नवीन शिकतेय. थेट ऑटोमॅटिकवर शिकू का? लायसन्स वेगळं लागतं का?

वेगळं लागत नाही. स्कूटरला बिनगिअरचं आणि गिअरचं असे दोन वर्ग आहेत, पण कारला आपल्याकडे एकच एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं, लायसन्स असतं आणि ते दोन्हींना चालतं.

तरीही मी मॅन्युअलवर शिकायचा आग्रह धरते. धंद्यासाठी नाही, वीस दिवसांचा तर प्रश्न आहे. अर्धा क्लच कळला की गाडी कधी ओढते, कधी धापा टाकते, हे कानाला कळायला लागतं, आणि वर सांगितलेला खंबाटकीचा प्रसंग टळतो. शिवाय रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि दारात शेजाऱ्यांची मॅन्युअल गाडीच उभी असली, तर हात बांधलेले राहत नाहीत. मात्र क्लचच्या धास्तीने कुणी दोनदा क्लास सोडला असेल, रडकुंडीला आली असेल, तर तिला मी स्वतः सांगते, ऑटोमॅटिकवर शीक. गाडी चालवणं महत्त्वाचं आहे.

मुलाकडे इंग्लंडला जाऊन तिथलं लायसन्स काढणार असाल तर एक लक्षात ठेवा. तिथे ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचंच मिळतं.

मेंटेनन्स महाग पडतो का?

नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये फारसा फरक नसतो. फरक मोठं काम निघालं तर पडतो. मॅन्युअलमध्ये क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग हा सेट लहान गाडीत साधारण दहा हजारांच्या आसपास बदलून होतो आणि तालुक्याच्या गावातला मेकॅनिकही ते करतो. एएमटीत हाच सेट अधिक ते यंत्र. बदलल्यावर कॉम्प्युटर लावून सेटिंग करावं लागतं, म्हणून सगळ्या गॅरेजवाल्यांना ते जमत नाही. बाकी तीन प्रकारांत गिअरबॉक्स उघडायची वेळ आली तर खर्च लाखात जाऊ शकतो. तशी वेळ क्वचित येते, पण येते. म्हणून ऑटोमॅटिक घेणार असाल तर वाढीव वॉरंटी घ्याच. अ‍ॅक्सेसरीजच्या यादीतला मड फ्लॅप आणि सीट कव्हर कमी करा आणि त्या पैशात ही घ्या.

टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीचं तेल किती किलोमीटरवर बदलायचं ते गाडीच्या पुस्तिकेत बघा, आणि तेच तेल घालतायत ना, याकडे लक्ष ठेवा. यातलं तेल नुसतं वंगण नसतं, ताकद त्याच्याच भरवशावर पुढे जाते.

बॅटरी उतरली तर ऑटोमॅटिक धक्का मारून सुरू होते का?

नाही. जंप केबल गाडीत ठेवा. बंद पडलेली गाडी दोरीने ओढून नेऊ देऊ नका. पूर्ण गाडी ट्रेलरवर चढवून, नाहीतर ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते ती (बहुतेक लहान गाड्यांत पुढची) उचलूनच न्यायला सांगा. विम्यात रोडसाइड असिस्टन्स असेल तर फोन करताना आधीच "गाडी ऑटोमॅटिक आहे" हे सांगा.

पावसात पाणी साचलेल्या रस्त्यातून जायची वेळ आली तर?

चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असेल तर कोणत्याही गाडीने जाऊ नका. त्याहून कमी असेल आणि जावंच लागत असेल, तर मॅन्युअलमध्ये फर्स्ट टाकून एकसारखी रेस ठेवतो तसंच इथे एम मोडमध्ये पहिला गिअर किंवा एल टाकून एकसारखं, न थांबता जा. मध्येच बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर त्या एका स्टार्टने इंजिन जातं. विमा घेताना इंजिन प्रोटेक्ट वेगळं मागून घ्या.

सीएनजीत ऑटोमॅटिक मिळते का?

मिळते. २०२४ च्या फेब्रुवारीत टाटाने टियागो आणि टिगोर सीएनजी एएमटीसह आणल्या. त्याआधी कंपनीची सीएनजी हवी असेल तर मॅन्युअलच घ्यावी लागायची. सीएनजीवर इंजिनाची ताकद थोडी कमी होते, त्यामुळे भरल्या गाडीने घाट चढताना पेट्रोलवर घ्या.

आयएमटी म्हणजे काय?

क्लच पेडल नाही, पण गिअर दांडीने तुम्हीच बदलायचे. २०२० मध्ये ह्युंदाई व्हेन्यूत आली. पायाला आराम, हाताला काम. ज्यांना गिअर बदलायला मनापासून आवडतं पण गुडघा नको म्हणतो, त्यांनी एकदा चालवून बघा.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक घेतली तर हा प्रश्नच मिटतो ना?

मिटतो. इलेक्ट्रिक कारमध्ये सहसा एकच ठरलेला गिअर असतो, क्लच नसतो. ग्रँड विटारा किंवा हायरायडर यांच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये ई-सीव्हीटी आहे. नाव सीव्हीटीचं असलं तरी आत पट्टा-पुली नाही, दातेरी चाकांचा संच आणि मोटर आहेत. क्लच जळण्याची भानगड दोन्हींत नाही. पुण्या-मुंबईच्या रोजच्या गर्दीसाठी यांच्याइतकं सोयीचं मला दुसरं काही दिसत नाही. अडचण असते ती किमतीची आणि इलेक्ट्रिकच्या बाबतीत सोसायटीत चार्जिंगची परवानगी मिळण्याची.

विकताना ऑटोमॅटिकला भाव कमी येतो का?

शहरात आता येत नाही, उलट लवकर जाते. तालुक्याच्या गावी अजून गिऱ्हाईक मॅन्युअलच मागतं. सात-आठ वर्षांपेक्षा जास्त वापरणार असाल तर विक्रीचा विचार करून गिअर ठरवू नका.

टेस्ट ड्राइव्हला काय बघू?

शोरूमचा माणूस तुम्हाला मोकळ्या, सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून आणतो. त्यावर समाधान मानू नका. संध्याकाळी सहा-साडेसहाला जा, गर्दीच्या वेळी. जवळचा एखादा चढ निवडा, मध्यावर गाडी पूर्ण थांबवा, पाच मोजा आणि पुन्हा निघा. मागे किती येते बघा. मग गाडी तुमच्या सोसायटीत न्या आणि बेसमेंटचा रॅम्प रिव्हर्समध्ये चढवून दाखवायला सांगा, नंतर स्वतः चढवा. पुण्यातल्या कितीतरी इमारतींचे रॅम्प घाटापेक्षा उभे आहेत, आणि रिव्हर्समध्ये एएमटीचा खरा कस तिथेच लागतो. घरातल्या एकाला मागच्या सीटवर बसवा आणि धक्के जाणवतात का विचारा. जो गाडी रोज चालवणार आहे त्यानेच चालवा. नवऱ्याने टेस्ट ड्राइव्ह घेतली आणि गाडी बायको वापरतेय, अशा किमान दहा घरांतून मला नंतर फोन आले आहेत.

गाडी ताब्यात घेताना काय विचारू?

बंद करून लावायची पद्धत समोर करून दाखवायला सांगा. जिथे पी (पार्क) आहे तिथे क्रम असा: ब्रेक दाबलेला, हँडब्रेक ओढायचा, मग पी, मग इंजिन बंद. आधी पी टाकून ब्रेक सोडला तर उतारावर गाडीचं सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका खिट्टीवर लटकतं आणि पुढच्या वेळी दांडी काढताना कट्ट आवाज येतो. बहुतेक एएमटीत पी नसतोच. तिथे गिअर लागलेला ठेवून हँडब्रेक ओढावा लागतो आणि नेमका क्रम पुस्तिकेत दिलेला असतो. पेढे घ्यायच्या आधी त्या माणसाला शेजारी बसवा आणि हे दोनदा करून घ्या.